सॅटेलाइट फोटोतले ढग कसे वाचायचे: अगदी नवीन लोकांसाठी, कोकणातल्या पावसापासून गुरूच्या ढगांपर्यंत

जून जवळ आला की प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. अरबी समुद्रावर लाल-पांढरा गोळा आणि खाली "पुढचे ४८ तास धोक्याचे, सगळ्यांना पाठवा". त्यावर तारीख नसते, वेळ नसते, कुठल्या सॅटेलाइटचा आहे तेही नसतं. आमच्या घरी मे महिन्याच्या शेवटी अंगणात आमसुलं वाळत घातलेली असतात आणि असा फोटो आला की आई लगेच हाक मारते, "अगं बघ गं, आत घ्यायची का?" या एका प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणून मी हे शिकायला लागले आणि आता चिपळूणला आमच्या घरी सकाळचा चहा आणि इन्सॅटचा, म्हणजे आपल्या देशाच्या हवामान सॅटेलाइटचा, फोटो एकदमच होतात.

हे शिकायला फिजिक्सची डिग्री लागत नाही, मोबाइल आणि एक वही पुरते. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: सॅटेलाइटला ढगाचा माथा दिसतो आणि पाऊस पडतो तळातून. माथा बघून तळाशी काय चाललंय ते ओळखायचं, एवढंच हे सगळं शास्त्र आहे.

१. फोटो कुठून घ्यायचा

फॉरवर्ड झालेला फोटो नको, मूळ ठिकाणाहून घ्या. भारतासाठी पहिला पत्ता म्हणजे आयएमडीची, म्हणजे भारतीय हवामान खात्याची, मौसम वेबसाइट, तिथे सॅटेलाइट विभागात इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या दोघांचे ताजे फोटो असतात. दुसरा पत्ता इस्रोच्या अहमदाबादच्या सेंटरची मॉसडॅक ही वेबसाइट. तिथे नुसते फोटो बघता येतात आणि फुकट अकाउंट उघडलंत तर मूळ डेटाही उतरवून घेता येतो, पण पहिले सहा महिने तरी त्याची गरज पडणार नाही.

३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये गेला आणि ३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला, दोन्ही श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने. दोघंही विषुववृत्ताच्या वर साधारण ३५,७८६ किमी उंचीवर आहेत आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, त्यामुळे आपल्याला ते एकाच जागी टांगल्यासारखे असतात आणि त्यांना आपण. ३डीआर ७४ अंश पूर्वेला आहे, म्हणजे साताऱ्याहून सरळ दक्षिणेला निघून विषुववृत्तापर्यंत गेलात तर तो बरोबर डोक्यावर येईल. ३डीएस ८२ अंशावर. पृथ्वीची अख्खी तबकडी स्कॅन करायला साधारण २६ मिनिटं लागतात म्हणून एकेकाचा फोटो अर्ध्या तासाने येतो, दोघांचे आलटून पालटून घेतले की दर पाव तासाला एक.

दुसऱ्या जातीचे सॅटेलाइट ध्रुवावरून ध्रुवावर जातात आणि खूप खालून, म्हणजे सातआठशे किमीवरून बघतात. ते दिवसाउजेडी एकदाच डोक्यावरून जातात पण फोटो इतका बारीक असतो की कोयनेचं पाणी, खाडीतला गाळ सगळं दिसतं. हे बघायला नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा, फुकट आहे, आणि त्यात तारीख मागे नेता येते, अगदी २००० सालापर्यंत. सरावाला याच्यासारखं काही नाही.

परदेशी साइटवर भारताचा फोटो बघताना एवढंच बघा की तो कुठून घेतलाय. जपानचा हिमावारी १४०.७ अंश पूर्वेवर आहे, दर १० मिनिटांनी फोटो देतो, पण त्याच्यासाठी महाराष्ट्र अगदी तबकडीच्या काठाला आहे, तिथे ढग तिरपे आणि ताणलेले दिसतात. आपल्या बाजूला युरोपचा मिटिओसॅट बरा, तो ४५.५ अंशावर आहे.

२. वेळ बदलून घ्या

ही स्टेप सगळे टाळतात आणि मग फसतात. फोटोवरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत असते, कधी नुसतं झेड लिहिलेलं असतं. त्यात साडेपाच तास मिळवा. ०६०० झेड म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा, १२०० झेड म्हणजे संध्याकाळचे साडेपाच, आणि २१०० झेड म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाट, अडीच वाजलेले, म्हणजे तारीख पण बदलते. वहीत प्रत्येक नोंद भारतीय वेळेतच करा. वेळ आणि तारीख नसलेला फोटो कितीही भारी दिसला तरी त्यावरून काहीही ठरवायचं नाही.

३. व्हिजिबल: आपल्या डोळ्यांसारखा फोटो

सॅटेलाइट वेगवेगळे किरण वेगवेगळे टिपतो, त्या एकेकाला चॅनेल म्हणतात. पहिला चॅनेल व्हिजिबल. हा साध्या कॅमेऱ्यासारखाच असतो, ऊन ढगावर पडून परत येतं ते टिपतो, म्हणून रात्री पूर्ण काळा. इन्सॅटचा याचा एक ठिपका साधारण १ किमीचा. इथे पांढरं म्हणजे जाड ढग, करडं म्हणजे पातळ. सकाळी लवकर आणि संध्याकाळी बघितलंत तर उंच ढगांच्या सावल्या शेजारच्या खालच्या ढगांवर पडलेल्या दिसतात आणि कोण उंच कोण बुटका ते लगेच कळतं, त्यामुळे माझी आवडती वेळ संध्याकाळी चारनंतरची. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यावर वळिवाचे ढग दुपारी फुलायला लागतात तेव्हा दोन वाजता तिथे राईएवढे ठिपके असतात आणि पाच वाजता त्यांचे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोळे झालेले असतात, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांनी या एप्रिलमध्ये एक दुपार काढाच.

फसायच्या जागा इथे बऱ्याच आहेत. हिमालयातला बर्फ ढगासारखाच पांढरा दिसतो, पण तो हलत नाही आणि त्याला दऱ्यांमुळे झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात. अरबी समुद्रावर कधी नुसतीच चकाकी दिसते, ते पाण्यावरून परतलेलं ऊन असतं आणि दिवस चढेल तसं ते पश्चिमेकडे सरकतं. आणि धूळ ढगासारखी पांढरी नसते, मळकट पिवळसर असते. वर्ल्डव्ह्यूमध्ये जानेवारी २०२२ च्या २२-२३ तारखा लावा, पाकिस्तानच्या बाजूने समुद्रावर उतरलेली धूळ दिसेल, त्याच धुळीने २३ तारखेला मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरा थर बसला होता.

४. इन्फ्रारेड: हा फोटो नाही, थर्मामीटर आहे

इथे थोडा वेळ द्या, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. १०-११ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या चॅनेलमध्ये सॅटेलाइट उजेड बघत नाही, तो उष्णता मोजतो, म्हणून रात्री पण चालतो. जे गरम ते काळं, जे थंड ते पांढरं, असं दाखवायची पद्धत आहे. आता वर जाऊ तसं थंड होतं, म्हणजे ज्या ढगाचा माथा जास्त उंच तो जास्त पांढरा.

हिशोब स्वतः करून बघा. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं असं धरा. खाली २७ अंश आहे आणि ढगाचा माथा उणे ६० दाखवतोय, फरक ८७ अंश, भागिले साडेसहा, म्हणजे साधारण १३ किमी. एव्हरेस्टच्या दीडपट उंच ढग तुमच्या तालुक्यावर उभा आहे हे तुम्ही घरात बसून मोजलंत!

आता ते व्हॉट्सअॅपवालं लाल. लाल म्हणजे पाऊस नाही, लाल म्हणजे कोणीतरी "इतक्या तापमानाखाली लाल रंग दे" असं ठरवलंय एवढंच. वेगळ्या साइटवर तेच तापमान निळं असेल. फोटोच्या कडेला रंगांची पट्टी असते, आधी ती वाचा, मगच रंग बघा.

आणि थंड माथा म्हणजे पाऊस असंही धरायचं नाही, दोन्ही बाजूंनी ते चुकतं. एक, वरचे पातळ पिसांसारखे ढग उणे ५० असतात, फोटोत चांगले पांढरे दिसतात आणि त्यातून थेंब खाली येत नाही. दुसरी चूक आपल्या घाटातली, आणि ही बाहेरच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. जुलैत समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, तिथे होणारे ढग बऱ्याचदा बुटके असतात, पाच-सहा किमीचे, माथ्याचं तापमान शून्याच्या आसपास, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये नुसते करडे. त्या करड्या ढगातून ताम्हिणीला, महाबळेश्वरला दिवसभरात दीडशे-दोनशे मिमी पडून जातो, बर्फ वगैरे न होता थेंबाला थेंब मिळूनच. मी सुरुवातीला फोटो बघून "आज घाटावर काही नाही" असं वहीत लिहायचे आणि संध्याकाळी आमची वाशिष्ठी नदी फुगलेली असायची. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी भरलं, त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी नोंदला गेला. तेव्हापासून मी चिपळूणच्या डोक्यावरचा ढग नंतर बघते, आधी घाटमाथा.

एक छोटा सराव. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, पंजाबपासून बिहारपर्यंत धुकं बसतं. व्हिजिबलमध्ये तो गुळगुळीत पांढरा पट्टा छान दिसतो, त्याच वेळेचा इन्फ्रारेड उघडा, जवळजवळ गायब! कारण त्याचा माथा जमिनीपासून जेमतेम काही शे मीटरवर आहे, त्याचं तापमान जमिनीसारखंच. हे जोडीने बघितलं की माथ्याची गोष्ट कायमची डोक्यात बसते.

५. वॉटर व्हेपर चॅनेल

याचं नाव ऐकून वाटतं की हा हवेतला सगळा ओलावा दाखवतो. तसं नाही. ६.५ ते ७.१ मायक्रोमीटरमध्ये वाफ स्वतःच उष्णता गिळते, त्यामुळे खालून निघालेलं काहीच वर पोचत नाही आणि सॅटेलाइटला फक्त वरच्या थरातली, साधारण पाच ते दहा किमीमधली वाफ दिसते. या फोटोत किनारा सापडत नाही, सह्याद्री सापडत नाही, घाबरू नका, फोटो बिघडलेला नाही. पांढरं म्हणजे वर ओलावा, काळं म्हणजे वर कोरडी हवा. सप्टेंबरच्या शेवटी राजस्थानकडून हा काळेपणा पसरायला लागतो आणि मान्सून परत फिरला असं आयएमडी जाहीर करतं तेव्हा त्यांच्या निकषांमध्ये पाच दिवस पाऊस थांबणं वगैरेबरोबर या चॅनेलवर दिसणारा ओलाव्याचा उतारही असतो. भात कापायला कधी घ्यायचा हे आमच्याकडे त्या दिवसांत रोज बोललं जातं आणि मी हा एकच फोटो बघत असते.

मान्सून यायच्या वेळी पण सॅटेलाइट असतोच. केरळात मान्सून आला म्हणायला ठरलेल्या स्टेशनांवरचा पाऊस आणि वारा यांबरोबर एक आकडा लागतो, पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता, ओएलआर. तो केरळजवळच्या समुद्राच्या ठरलेल्या चौकोनात दर चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली गेला पाहिजे. साधं आहे, उंच थंड माथ्यांचे ढग पसरले की खालची उष्णता बाहेर पडत नाही आणि आकडा खाली येतो.

व्हिजिबल, इन्फ्रारेड आणि वॉटर व्हेपर हे तीन चॅनेल पुरे आहेत. २००२ मध्ये गेलेल्या आपल्या मेटसॅटकडे हेच तीन होते, फेब्रुवारी २००३ मध्ये कल्पना चावलांच्या नावावरून त्याचं नाव कल्पना-१ ठेवलं, आणि देशाचे ढग कितीतरी वर्षं त्या तिघांवरच वाचले गेले. आताच्या इन्सॅटमध्ये सहा आहेत, बाकीचे धुकं, बर्फ वेगळं करायला उपयोगी पडतात, ते नंतर शिका.

६. एक फोटो कधीच बघू नका

निदान सहा तासांचे फोटो एकामागून एक लावून हलते बघा, आयएमडीच्या साइटवर अॅनिमेशन तयारच असतं. हलत्या चित्रात काय दिसतं ते सांगते. जुलैमध्ये महाराष्ट्रावर खालचे ढग समुद्राकडून पूर्वेला जाताना दिसतील आणि त्यांच्या वरचे पांढरे पातळ पंखे बरोबर उलटे, पूर्वेकडून पश्चिमेला समुद्राकडे ओढले जाताना दिसतील. एकाच जागी दोन दिशा! खाली मान्सूनचा नैर्ऋत्येचा वारा आणि वर चौदा-पंधरा किमीला पूर्वेकडून वाहणारा जोराचा प्रवाह. हे मी पहिल्यांदा ओळखलं त्या दिवशी भाऊ आणि वहिनीला बोलवून दाखवलं होतं. यावरून कामाची गोष्ट अशी की मुंबईच्या समुद्रावर पसरलेला पांढरा पंखा बघून "हा आता किनाऱ्यावर येणार" असं म्हणू नका, तो बऱ्याचदा किनाऱ्यावरूनच समुद्राकडे गेलेला असतो.

अॅनिमेशनमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: माथा जास्त थंड होतोय की कमी, गोळा पसरतोय की विरतोय, आणि कडा कुठे धारदार आहेत. वाढणाऱ्या ढगाची वाऱ्याकडची कड कापल्यासारखी असते आणि विरणाऱ्याची पिंजलेल्या कापसासारखी.

७. जमिनीशी ताडून बघा

सॅटेलाइटचा फोटो हा अंदाज आहे, खालचा पाऊस मोजायला रडार आणि पर्जन्यमापक. मुंबईला कुलाब्याचं डॉप्लर रडार आहे, त्याचा फोटो आयएमडीवरच मिळतो. दोन्ही शेजारी शेजारी उघडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. दोन्हीत अंतर साधारण चोवीस किमी, तेव्हाच्या कल्पना-१ च्या इन्फ्रारेडमध्ये एक ठिपका ८ किमीचा होता, म्हणजे अख्खी मुंबई बुडवणारा आणि नुसती भिजवणारा पाऊस यांच्यामध्ये जेमतेम तीन ठिपके. आता ठिपका ४ किमीचा आहे, तरी सहाच झाले.

घरचा पर्जन्यमापक नक्की ठेवा. सरळ बाजूंचं, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं भांडं उघड्यावर ठेवायचं, झाडाखाली नाही, पागोळ्यांखाली नाही, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिमीमध्ये मोजायचं, कारण आयएमडीचा दिवस पण साडेआठलाच बदलतो. वहीच्या एका पानावर डावीकडे फोटोवरून काय वाटलं आणि उजवीकडे खरं किती पडला. एका पावसाळ्यात तुमच्या गावाचा स्वभाव कळतो, तो कुठल्याही अॅपमध्ये नसतो.

८. वादळ

सरावासाठी निसर्ग नावाचं चक्रीवादळ घ्या. वर्ल्डव्ह्यूमध्ये ३ जून २०२० लावा, सकाळचा टेरा सॅटेलाइटचा थर आणि दुपारचा अॅक्वा सॅटेलाइटचा थर आळीपाळीने चालू-बंद करा. त्यात कधी सॅटेलाइटच्या दोन पट्ट्यांमध्ये काळी फट येते, तसं झालं तर सुओमी एनपीपी या तिसऱ्या सॅटेलाइटचा थर लावा. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर आलं, त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकार बघा. ढगांच्या पट्ट्या केंद्राभोवती किती गुंडाळल्यात यावरून वादळाची ताकद ठरवायची पद्धत १९७० च्या दशकात व्हर्नन ड्व्होरॅक यांनी बसवली आणि आजही आयएमडीच्या बुलेटिनमध्ये टी नंबर म्हणून तीच वाचायला मिळते. पण वादळ खरंच समोर असेल तेव्हा स्वतःचा अंदाज कोणाला पाठवू नका, आयएमडीचं बुलेटिन जसंच्या तसं पाठवा. मासेमारीला गेलेली माणसं असतात, त्यांच्या घरचे तुमचा मेसेज खरा धरतात.

९. आता दुसरे ग्रह

इथपर्यंत आलात तर हे फुकटात मिळतं, कारण युक्ती तीच आहे. गुरूभोवती २०१६ पासून फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानावर जुनोकॅम नावाचा कॅमेरा आहे, त्याचे कच्चे फोटो मिशनच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवलेत आणि जगभरचे हौशी लोक ते उतरवून जोडतात, रंगवतात. त्यात मिथेनचा एक फिल्टर आहे. गुरूच्या हवेत मिथेन आहे, ८८९ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड तो गिळतो, त्यामुळे खालचे ढग काळे पडतात आणि फक्त उंच माथे उजळ दिसतात. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या वॉटर व्हेपर चॅनेलचाच चुलतभाऊ. त्या फिल्टरमध्ये गुरूचा प्रसिद्ध लाल डाग एकदम चमकतो, म्हणजे त्याच्यावरचं धुकं आजूबाजूच्या ढगांपेक्षा उंच आहे हे तुम्ही कोणी न सांगता वाचू शकता.

शुक्राची गोष्ट तर मला फारच जवळची वाटते. जपानचं अकात्सुकी यान २०१० मध्ये शुक्राच्या कक्षेत जायचं चुकलं, पाच वर्षं सूर्याभोवती फिरत राहिलं आणि ७ डिसेंबर २०१५ ला दुसऱ्या प्रयत्नात पोचलं. पोचल्या पोचल्या त्याच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला, जो साधारण आपल्या इन्सॅटसारखाच १० मायक्रोमीटरच्या आसपास बघतो, ढगांच्या माथ्यावर १०,००० किमी लांबीची एक धनुष्यासारखी रेघ दिसली. शुक्रावर तिथले ढग ताशी साडेतीनशे किमीच्या आसपास पळतात, पण ही रेघ दिवसेंदिवस हलली नाही, कारण ती खालच्या अफ्रोडाइट टेरा या डोंगराळ प्रदेशावरच उभी होती. वाऱ्याला डोंगर आडवा आला की लाट उठते आणि वर चढत जाते, ती तिथे गंधकाम्लाच्या ढगांच्या पार माथ्यापर्यंत पोचली होती. शुक्राची जमीन त्या ढगांतून डोळ्याला कधीच दिसत नाही, तरी डोंगर माथ्यावर उमटला.

सुरुवात उद्या सकाळी करायची तर एवढंच करा: साडेआठचा, म्हणजे ०३०० झेडचा, इन्फ्रारेड फोटो उघडा, आपल्या जिल्ह्यावरचा रंग पट्टीवर वाचून तापमान लिहा, माथ्याची उंची काढा, मग खिडकीतून बाहेर बघून खरं काय आहे ते शेजारी लिहा. घाटाच्या जवळ राहत असाल तर घाटमाथ्याचं तापमान वेगळ्या रकान्यात.